तोतयाची वहिवाट

भारत सरकारच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या वस्तूस पुराणवस्तू ही पदवी प्राप्त व्हावयाची असेल तर तिला निदान शंभर वर्षे तग धरावा लागतो. हस्तलिखितांच्या बाबतीत मात्र सरकारने औदार्य दाखवून ती मुदत पाऊणशे वर्षांवर आणली आहे. या हिशेबाने, जपानातील क्योतो येथील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस काढलेला फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम २०८३ साल उजाडेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने अज्ञान बालकच राहणार. बाजार मात्र इतका धीर धरीत नाही. त्याने 'रेट्रो' अशी एक उपाधी काढली असून ती कोणास द्यावी हे यंत्राच्या वयावरून न ठरता गिऱ्हाइकाच्या वयावरून ठरते: ज्या खेळापायी गिऱ्हाइकाने लहानपणी बोलणी खाल्ली तो खेळ रेट्रो, आणि ज्या खेळापायी तो आज आपल्या मुलास बोलणी देतो तो नवा. सोनीच्या 'प्लेस्टेशन टू'चे चित्र पाहून आमच्या नातवाने मला, "आजोबा, हे तुमच्या लहानपणचं का?" असा प्रश्न केला. ते यंत्र निघाले २००० साली, आणि त्या वर्षी मी याच्या वडिलांच्या कॉलेजप्रवेशासाठी रांगेत उभा होतो. परंतु नातवंडांच्या कालगणनेत मोहेंजोदडो आणि आजोबा यांच्यामध्ये विशेष अंतर नसते हे ठाऊक असल्यामुळे मी 'हो' म्हणून मोकळा झालो.

अशा या उपाधिधारी यंत्रांपैकी एखादे विकत घ्यावे अशी इच्छा आमच्या चिरंजीवांस झाली. चिरंजीव एका सहकारी बँकेत हिशेबतपासनीस आहेत. मूळ कागदाशी रुजवात पडल्यावाचून कोणत्याही छायाप्रतीवर त्यांची हिरवी शाई उमटत नाही, आणि हा कचेरीतला बाणा ते घरी येताना दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवीत नाहीत. "बाबा, घ्यायचा तर ओरिजिनलच," त्यांनी मला बजावले. "लहानपणी आपल्याकडे होता तसा. डुप्लिकेट माल मला घरात नको."

आता लहानपणी आमच्याकडे जो होता तो काय होता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. निन्टेंडोचा फॅमिकॉम त्या काळी आपल्याकडच्या दुकानांत राजरोसपणे आलाच नाही. जे आले ते तैवान-चीनकडच्या कारखान्यांतून निघालेले त्याचे प्रतिरूप. फॅमिकॉमच्या कर्त्यांनी परक्या कॅसेटला अटकाव करणारे कुलूप त्यात बसवलेच नव्हते. ती दक्षता त्यांना पुढे अमेरिकेकरिता काढलेल्या आवृत्तीत सुचली, आणि तोवर निम्म्या आशिया खंडात या बेकुलपी घराच्या किल्ल्या झाल्या होत्या. मीडिया, टर्मिनेटर, लिटल मास्टर अशी नावे धारण करून हे प्रतिरूप घरोघर शिरले, आणि लिटल मास्टर म्हणजे सुनील गावसकर असे मानणाऱ्या बापांची मुले त्याच नावाच्या डब्यापुढे मांडी घालून मारिओला कासवांवर उड्या मारायला लावू लागली. पानिपतावर पडलेले भाऊसाहेब म्हणून एक इसम पेशवाईत उभा राहिला आणि कित्येक शहाण्यासुरत्या माणसांनी त्यास मुजरे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या तोतयाची चौकशी करून त्यास देहान्त शासन देणारे पुण्यात होते; आमच्या घरच्या तोतयास मात्र कोणी नाना फडणीस भेटला नाही, आणि त्याने दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत दिवाणखान्यावर निर्वेध राज्य केले.

अर्थात हे सारे चिरंजीवांना त्या क्षणी सांगणे मी प्रशस्त मानले नाही. ऑडिटराला त्याच्या बालपणाची पावती बनावट असल्याचे कळवायचे तर ते जेवणानंतर, बेताबेताने.

प्रथम त्यांनी खऱ्या फॅमिकॉमचा तपास आरंभला. तो जपानातून मागवावा लागतो. किरमिजी आणि पांढऱ्या रंगाचा हा डबा दिसायला मोठा देखणा; त्याचे दोन्ही कंट्रोलर त्यालाच कायमचे जोडलेले असतात, आणि त्यांपैकी दुसऱ्यावर खेळ सुरू करण्याचे बटणच नसून त्याच्या ठिकाणी एक लहानसा मायक्रोफोन आहे. म्हणजे धाकट्या भावास खेळ सुरू करण्याचा अधिकार नाही, केवळ आरडाओरडा करण्याचा आहे. एकत्र कुटुंबपद्धतीचे इतके नेमके ज्ञान यंत्रात उतरवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. परंतु हा देखणा पाहुणा जपानातील १०० व्होल्टच्या पाहुणचारास सरावलेला असल्यामुळे त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत थेट खोचल्यास आदरातिथ्याचा धूर निघतो. यास्तव वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय तो चित्र पाठवतो ते अँटेनाच्या तारेतून, जपानी वाहिनीवर आणि जपानी-अमेरिकी एनटीएससी पद्धतीने. आपले दूरदर्शन पडले पाल पद्धतीचे. तेव्हा दोघांची गाठ घालून देणारा कोणी दुभाषा हवा. टपालखर्च वेगळा, जकात वेगळी, आणि पार्सल जकातीच्या कचेरीत अडकल्यास त्याची तड लावण्यास लागणारी चिकाटी हा खर्च कोणत्याच बीजकात दाखवलेला नसतो.

यानंतर वार्धक्य येते. चाळीस वर्षांच्या यंत्रातील कपॅसिटर थकतात. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांमुळे, असे जाणकार म्हणतात, त्याच्या पांढऱ्या रंगाला दातांची कळा येते. आणि मग हौशी लोक त्यास केस पिंगट करण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवतात. ज्या कॅसेटी खेळाडूची कमाई स्मरणात ठेवीत त्यांच्या पोटात घड्याळी सेल असतो, आणि तो मेला की वर्षानुवर्षांची शिल्लक एका रात्रीत शून्यावर येते. हे वाचताच चिरंजीव अंमळ गंभीर झाले, कारण अशी खाती त्यांनी कचेरीतही पाहिली होती. कॅसेट चालेनाशी झाली म्हणजे चूल फुंकावी तशी ती फुंकण्याचा जो उपाय आपली पोरे करीत, तो जगभरची पोरे करीत असत. निन्टेंडोने मात्र असे करू नका म्हणून बजावले आहे, कारण फुंकरीतील ओलाव्याने धातूचे दाते गंजतात. कॅसेट चाले ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा नीट बसवल्याने. तथापि बसवण्याचे पुण्य फुंकरीच्या खात्यावर जमा झाले ते झालेच.

या यंत्राला टीव्हीही तसाच म्हातारा लागतो. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने घरोघर पोचवलेले ते काचेच्या पोटाचे टीव्ही आज भंगारवालाही जिना चढून न्यायला तयार होत नाही, पण पडद्यावरची बदके मारण्याची खेळातली बंदूक चालावी असे वाटत असेल तर दुसरा इलाज नाही. त्या बंदुकीतून काही सुटत नसते. उलट ती पाहते. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राही डोळ्याला तो योग्य त्या निमिषात दिसला तर बदक पडले असा निवाडा होतो. जुन्या टीव्हीत किरण पडद्यावर ओळीने फिरत असल्यामुळे ते निमिष अचूक साधते. आजचा सपाट टीव्ही आलेले चित्र आधी स्वतःशी घोळवतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बंदुकीने डोळा मिटल्यावर चौकोन येतो. सारांश, निन्टेंडोचे बदक आता अमर झाले आहे, आणि बंदूक विकणारे मात्र अद्यापि विकीत आहेत.

बरे, जपानी नको, पाल पद्धतीच्या युरोपातून अधिकृत माल आणावा असा एक विचार निघाला. त्यात वेगळीच मेख आहे. जपानात आणि अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रे धावत, युरोपात ५०. आणि पुष्कळ खेळ या फरकाची दखल न घेता तसेच विकले गेल्यामुळे ते सुमारे एक षष्ठांशाने मंदावले. सेगा कंपनीचा सोनिक हा प्राणी १९९१ मध्ये केवळ वेगाच्या जोरावर नावारूपास आला. युरोपात त्याची अधिकृत प्रत सरकारी फायलीच्या चालीने धावत होती. 'कॉन्ट्रा' या आपल्याकडच्या लाडक्या खेळाची गत याहून वाईट. त्यातील दोन उघडेबंब वीर युरोपीय आवृत्तीत कोनामी कंपनीनेच काढून टाकले, त्यांच्या जागी यंत्रमानव बसवले आणि खेळाचे नाव 'प्रोबोटेक्टर' ठेवले. आमच्या दिवाणखान्यातील तोतयाकडे ते दोन्ही वीर सदेह होते. मूळ मालकाने आपल्याच मालात केलेला फेरफार आणि चोराने जसाच्या तसा राखलेला माल यांत असल कोणता म्हणावा, हा प्रश्न मी चिरंजीवांपुढे त्या दिवशी प्रथम टाकला. त्यांनी, "बाबा, तुम्ही विषय भरकटवता," असे म्हणून तो फेटाळला.

सेगाचा विषय निघाला म्हणून हेही सांगून टाकतो की त्या कंपनीची मेगा ड्राइव्ह आपल्या देशात अधिकृतपणे आली होती. परदेशी यंत्रांवर त्या वेळी ८० टक्के आयातकर होता. त्यातून वाट काढण्यासाठी सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या, मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या, कंपनीशी करार केला, आणि यंत्राची किंमत झाली १८,००० रुपये. कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढ्या या रकमेत बापाने मद्याच्या कंपनीकडून मुलासाठी खेळ आणावा, ही कल्पना कोणत्याच मध्यमवर्गीय आईपुढे मांडण्यासारखी नव्हती. यंत्र चांगले होते. ते आमच्या ओळखीत कोणाकडेही नव्हते.

तदनंतर चिरंजीवांची नजर कंपन्यांनीच काढलेल्या लघुआवृत्त्यांकडे वळली. निन्टेंडोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावेल अशी प्रतिकृती काढली. तीत ३० खेळ भरलेले, आजच्या टीव्हीला जोडण्याची सोय. मात्र कॅसेट घालण्याची खाच केवळ शोभेची, आणि कंट्रोलरची तार जेमतेम पाऊण मीटर. पूर्वी मुले टीव्हीच्या नाकाशी बसत आणि आया 'डोळे जातील' म्हणून ओरडत. ती परंपरा खंडित होऊ नये याची तजवीज कंपनीने अशा रीतीने केली. ही कंपनीमान्य वस्तू असल्यामुळे चिरंजीवांचे मन क्षणभर तिच्यावर बसले. पण त्याच पंक्तीतील सोनीच्या लघुआवृत्तीची हकीकत त्यांच्या वाचनात आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर, गहाणखतातील साक्षीदार मयत निघाल्यावर येते तशी छाया आली. सोनीने २०१८ मध्ये आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची २० खेळांची प्रतिकृती काढली, तेव्हा तिच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग वठवणारा जो प्रोग्राम घातला तो सोनीच्या इंजिनिअरांनी लिहिलेला नव्हता. हौशी मंडळींनी फावल्या वेळात रचून जगाला फुकट वाटलेला, पीसीएसएक्स रीआर्म्ड नावाचा, तो प्रोग्राम होता. शिवाय त्या वीस खेळांपैकी काही खेळ ५० चित्रांच्या मंद युरोपीय आवृत्तीतले निघाले. दस्तुरखुद्द मालकाने नक्कल करणाऱ्याच्या दारी जाऊन आपल्याच वस्तूची नक्कल मागून आणावी, याला हिशेबाच्या भाषेत काय म्हणतात, असे मी विचारले. "कायदेशीर आहे, बाबा. परवाना दिलेला आहे," ते म्हणाले, पण त्यांच्या स्वरात पूर्वीचा दरारा राहिला नव्हता.

सर्वांत महाग वाट सर्वांत शास्त्रशुद्ध आहे. एफपीजीए नावाची एक चिप कोरी जन्माला येते, आणि आतील जोडण्या कशा असाव्यात हे तिला सांगितले की ती जुन्या चिपचे सोंग आणीत नाही, तिची मंडले स्वतःत पुन्हा मांडते. अ‍ॅनालॉग या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये या तत्त्वावर हातात धरावयाचे यंत्र काढले. त्यात निन्टेंडोच्या गेम बॉयच्या मूळ कॅसेटी चालतात. याच कंपनीच्या आधीच्या एका यंत्रात खऱ्याखुऱ्या जुन्या फॅमिकॉमांतून काढलेल्या चिपा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात बसवलेल्या होत्या, म्हणजे असल राखण्यासाठी असलाचाच बळी दिला गेला होता. तलाठ्याच्या सहीशिक्क्याची खरी नक्कल ज्याला मूळ दस्ताइतकीच पूज्य, त्या माणसाला ही वाट न आवडती तरच नवल. चिरंजीव प्रसन्न झाले आणि माळ्यावर चढून आपल्या जुन्या कॅसेटींचा खोका खाली घेऊन आले.

येथे मला तोंड उघडावे लागले. त्या खोक्यातील एका कॅसेटवर मारिओचे चित्र आणि '९९९९ इन १' अशी अक्षरे होती. स्क्रू काढून मी ती उघडून दाखवली: हिरव्या पट्टीवर जेथे चौकोनी, पायांची, कंपनीचे नाव मिरवणारी चिप असावयास हवी तेथे डांबराच्या थेंबासारखा एक काळा, गुळगुळीत, नावगावहीन फुगवटा होता. असल्या कॅसेटीतील खेळांची यादी हे तर हिशेबतपासनिसाचे दुःस्वप्न. पहिले दहापंधरा खेळ खरे. पुढे तेच खेळ नाव बदलून, कधी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून, कधी वेग वाढवून, पुन्हापुन्हा नोंदलेले. मूळ कॉन्ट्रात ३० जीव मिळवण्यासाठी वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे असा क्रम दाबून शेवटी बी आणि ए दाबावे लागत. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या माणसाला आपलाच 'ग्रेडियस' खेळ तपासताना झेपेना म्हणून त्याने १९८६ मध्ये ही वाट ठेवली होती. आपल्याकडे तेवढेही कष्ट नकोत म्हणून चोरांनी तीस जीवांचा कॉन्ट्रा यादीत स्वतंत्र खेळ म्हणून घालून दिला. चिरंजीव बराच वेळ त्या काळ्या थेंबाकडे पाहत होते. "म्हणजे आपला सेट...?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" "पावती नव्हती," मी म्हणालो.

चीनकडून येणाऱ्या, अ‍ॅनबर्निक, मियू इत्यादी नावांच्या, हातात मावणाऱ्या यंत्रांचा विचारही मग ओघाने झाला. किंमत माफक, पडदा उत्तम, आणि विक्रेत्याने सोबत दिलेल्या नखाएवढ्या कार्डात हजारो खेळ, ज्यांच्या हक्काविषयी न विचारणे हाच शिष्टाचार. एका परिचिताचे असे यंत्र चिरंजीव संध्याकाळभर घेऊन बसले. त्यांनी एकही खेळ खेळला नाही. यादीतील दुबार नोंदी मात्र शोधून काढल्या.

या सर्व चौकशीतून मी जो निष्कर्ष काढला तो कायद्याच्या परिभाषेत सांगतो. परक्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघडपणे, अखंडपणे आणि मालकाच्या नाकावर टिच्चून कबजा राखला तर कायदा वहिवाटीने मालकी मान्य करतो. आमच्या पिढीच्या मुलांच्या बालपणावर या तोतयाचा कबजा तीस वर्षांहून अधिक आहे. त्या काळात मूळ मालकाची नोटीस आमच्या दारी कधी आली नाही. फॅमिकॉमवरील जुन्या पेटंटांची मुदतही केव्हाच सरली आहे. खेळांवरील लेखकहक्क मात्र शाबूत आहेत, आणि त्यांच्यापुढे हा युक्तिवाद एक मिनिट टिकणार नाही हे मी जाणून आहे; पण ज्या माणसाला 'लहानपणी होता तसा' हवा आहे त्याची फिर्याद स्मरणाच्या कोर्टात आहे, आणि तेथे क्योतोचा खरा फॅमिकॉम हा परका इसम ठरतो. अमेरिकेत वाढलेल्याने अमेरिकी यंत्र घ्यावे, जपान्याने जपानी. कौशल्याचा आणि अचूकपणाचा शौक असेल त्याने एफपीजीए घ्यावे. प्रवासात वेळ घालवायचा असेल त्याने चिनी हातखेळ घ्यावा. पुण्यातील चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने प्रामाणिक राहायचे ठरवले तर त्याला तोतयावाचून गत्यंतर नाही.

हा फैसला चिरंजीवांनी मुकाट्याने ऐकला आणि एका रविवारी मला घेऊन ते तपकीर गल्लीच्या बाजूस गेले. कोपऱ्यावरच्या एका टपरीवर, मोबाइलच्या कव्हरांच्या माळांखाली, तो होता: तोच आकार, तेच दोन कंट्रोलर, शिवाय बंदूक.

"हे ओरिजिनल आहे का?" चिरंजीवांनी सवयीने विचारले.

"साहेब, ओरिजिनलची फर्स्ट कॉपी आहे."

"म्हणजे डुप्लिकेट."

"डुप्लिकेट ते पलीकडचं, स्वस्तातलं. हे ओरिजिनल कॉपी."

"गॅरंटी?"

"इथं चालू करून दाखवतो. चाललं की आपली गॅरंटी संपली."

"बंदूक आमच्या टीव्हीवर चालेल?"

"बंदूक पोरांना खेळायला आहे, साहेब."

या शेवटच्या उत्तरावर काही बोलण्यासारखे उरले नाही. चिरंजीवांनी पैसे मोजले आणि पक्की पावती मागितली. टपरीवाल्याच्या हयातीत असे गिऱ्हाईक प्रथमच आले असावे. त्याने एका कव्हराच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर, खाली सही व तारीख घालून, लिहून दिले: 'टीव्ही गेम, १ नग, कॉपी, चालू स्थितीत, गॅरंटी नाही, बंदूक फुकट.' चिरंजीवांनी तो मजकूर दोनदा वाचला, वस्तूशी ताडून पाहिला, आणि खिशातून हिरवे पेन काढून त्यावर बरोबरची खूण केली. बँकेतल्या त्यांच्या आजवरच्या नोकरीत इतका निर्दोष दस्तऐवज त्यांच्या टेबलावरून क्वचितच गेला असेल.